आबांच्या वहीतलं पहिलं पान

थंडीत आठ दिवस खान्देशात जाऊन येते म्हटल्यावर पुण्यातल्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी विचारलं, तिथे बघायला काय आहे? मी म्हटलं, रेल्वेचं एक फाटक आहे. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि विषय भिशीवर नेला. निवृत्त माणसाला लोक सांभाळून घेतात.

फाटकाची गोष्ट अशी. मी तीस वर्षं दिल्लीत, संसदेच्या सचिवालयात नोकरी केली. शेवटची बरीच वर्षं आश्वासनांच्या शाखेत होते. अशी काही शाखा असते हे माझ्या सख्ख्या भावालाही खरं वाटत नाही, म्हणून थोडं सांगते. सभागृहात खासदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात. उत्तर देताना मंत्री ‘विचार करू’, ‘माहिती घेऊ’, ‘तपासून पाहतो’ असं काही बोलले, की ते वाक्य आमच्या टेबलावर यायचं. बोलणाऱ्याला वाटायचं वेळ मारून नेली. आमच्याकडे मात्र त्याची आश्वासन म्हणून नोंद व्हायची आणि खासदारांची एक समिती त्या मंत्रालयाच्या मागे लागायची. तीन महिन्यांत पूर्ण करा, नाहीतर का झालं नाही ते सांगा. सरकारचं काम सरकारनंच करायचं, सभागृहानं त्यात हात घालायचा नाही. पण विचारायचं सोडायचं नाही. या दोन्हींच्या मधल्या अरुंद बोळात माझी नोकरी गेली.

कधी मंत्रालय कळवायचं की हे जमण्यासारखं नाही, आश्वासन वगळावं. मग समितीपुढे ठेवायचं टिपण आमच्या शाखेत तयार व्हायचं. मध्यंतरी घर आवरताना जुन्या डायरीत अशा एका टिपणाची नोंद सापडली. जळगाव जिल्हा, रावेरजवळचं एक फाटक, रुळांखालून केळीचे ट्रॅक्टर जातील असा बोगदा. टिपण मीच लिहिलं होतं. मंत्रालयाची बाजू दीड पान आणि शेतकऱ्यांची दोन ओळी, हे मला चांगलं आठवत होतं. समितीनं वगळलं. त्यात बेकायदा काही नव्हतं. पण ते फाटक मी कधी पाहिलं नव्हतं, आणि एकदा जाऊन बघावं असं जे मनात आलं ते काही जाईना.

धुळे आणि दोंडाईचा

चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला पोचले तेव्हा चांगलीच भूक लागली होती. स्टेशनजवळच्या खानावळीत शेवभाजी मागवली. वाढणाऱ्यानं माझ्याकडे नीट पाहून विचारलं, पुण्याच्या का? मी हो म्हटलं तर त्यानं न मागता दह्याची वाटी आणून ठेवली. मला जरा राग आला. माझं माहेर सांगलीचं, तिखटाची भीती आम्हाला कोण घालणार? दुसऱ्या घासाला दह्याची वाटी जवळ ओढली आणि चौथ्या घासाला आणखी एक मागवली. सांगलीचं तिखट जिभेवर चढतं आणि उतरतं. इथलं कानापर्यंत जातं आणि तिथे मुक्काम करतं.

दोंडाईचाच्या एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. “कोठे जानं शे ताई?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. गाव कधी येईल हे कसं कळणार, असं मी विचारल्यावर त्या म्हणाल्या, “दोंडाईचं उनं का नाकलेच समजी जास.” गाव आलं की नाकालाच कळतं म्हणे, आणि खरोखरच पुढे एका वळणावर सगळी एसटी एकदम शिंकली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरची वाळत घातली होती, नजर जाईल तिथवर लाल.

इथे मला कांतीलालभाऊंना भेटायचं होतं. बोगद्याचा प्रश्न ज्या खासदारांनी विचारला होता त्यांचे हे त्या वेळचे स्वीय सहायक. प्रश्न लिहिला यांनीच. खासदारांची कारकीर्द संपल्यावर ते घरच्या मिरचीच्या पेढीवर परत आले. पाच पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं घर. गादीवर पांढरीशुभ्र बैठक, आणि तिच्यावर मिरचीचा एक कण नाही. हे कसं जमतं ते मी विचारलं, तर म्हणाले, दिल्लीत शिकलो; तिथेही जवळ बसून अंगाला काही लागू द्यायचं नसतं.

सूर्यास्ताच्या आत जेवायची त्यांच्या घरची रीत. त्यामुळे मी साडेपाच वाजता पोटभर जेवले आणि मग गप्पा निघाल्या. किती प्रश्न पाठवायचे, त्यातला एखादाच सोडतीत वर यायचा, आणि वर आला तरी आपला नंबर येईपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपून जायचा. त्या दिवशी मात्र नंबर आला. मंत्री म्हणाले, मागणी विचाराधीन आहे. कांतीलालभाऊंनी लगेच गावात फोन केला आणि गावानं पेढे वाटले.

“पेढे?” मी म्हटलं. “विचाराधीन म्हणजे काय ते तुम्ही सांगितलं नाही?”

त्यांनी बैठकीवरची एक सुरकुती हातानं सरळ केली. मग म्हणाले, “सांगणार होतो. पण लीलाधरआबा फोनवर रडत होते. आणि ताई, ते आश्वासन पुढे वगळलं, हेही अजून सांगितलेलं नाही. दर दिवाळीला आबांचा फोन येतो. मी म्हणतो, चालू आहे.”

लीलाधरआबा म्हणजे बोगद्यासाठी पहिलं पत्र लिहिणारे शेतकरी. वय आता ऐंशीच्या घरात. बोगदा होणार, असं धरून ते इतकी वर्षं बसले होते, आणि तो होणार नाही हे मला आणि कांतीलालभाऊंना माहीत होतं. ते म्हणाले, तुम्ही जाताच आहात तर तुम्हीच सांगा. निघताना त्यांनी मिरचीची पूड दिली, बहुधा भरपाई म्हणून.

मला नुसतं फाटक बघायचं होतं. आता अंगावर काम आलं होतं, आणि ते माझंच होतं, हे नाकारताही येत नव्हतं.

जळगावकडे

ती पूड गाडीत फुटली. वरच्या फळीवर ठेवलेल्या माझ्या बॅगेतून बारीक लाल धूर खाली उतरायला लागला आणि आमच्या डब्यात शिंकांची साथ पसरली. मी आधी शोधाशोध करण्याचा अभिनय केला. मग समोरच्या गृहस्थांनी बॅगेकडे बोट दाखवलं तेव्हा कबूल झाले. माझ्या तीन साड्यांना तो वास अजून आहे. गंमत म्हणजे कुणी चिडलं नाही. मिरची कुठली, दोंडाईचाची का, मग चांगली असणार, यावर अमळनेर येईपर्यंत चर्चा चालली.

जळगावात मुक्काम केला तो भरितासाठी. थंडीत इथली हिरवी वांगी काडीकाट्यांवर भाजतात, बडजी नावाच्या लाकडी भांड्यात ठेचतात आणि त्यात कांद्याची पात, शेंगदाणे, हिरवी मिरची घालतात. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आमच्याकडे भरीत हे तोंडीलावणं. इथे ते जेवण आहे आणि बाकीचं सगळं त्याच्या तोंडी लावतात. मी ताटावर बसले असताना मनातल्या मनात आबांना सांगायची वाक्यं जुळवत होते. ‘प्रस्तुत प्रकरणी’ने सुरू होणारी. तीस वर्षांची सवय भरितानंही जात नाही.

रावेरच्या पुढे

गावाचं नाव लिहीत नाही, कारण आबांनी नको म्हटलं. रावेरहून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. उत्तरेला सातपुडा, आणि त्याच्या पायथ्यापर्यंत केळीच केळी. पानांतून येणारं ऊन हिरवट होतं आणि त्या उजेडात सगळी माणसं जरा तब्येतीनं बरी दिसतात. मला इथे फार बरं वाटलं.

फाटक मात्र नव्हतंच. ते कधीच बंद केलेलं; दोन्ही बाजूंना भिंत घातलेली. गावाची निम्मी केळी रुळांपलीकडे. ट्रॅक्टर लांबच्या पुलावरून वळसा घेऊन येतात, रस्ता खड्ड्यांचा, आणि केळीचा घड एकदा आपटला की दुसऱ्या दिवशी काळा डाग दाखवतो. हे सगळं मी फाटकाच्या भिंतीशी उभी राहून दहा मिनिटांत पाहिलं. माझ्या टिपणात ते दोन ओळींत होतं. खोटं नव्हतं लिहिलं, पण खूप थोडं लिहिलं होतं, आणि त्याची मला तिथे लाज वाटली.

आबांच्या घरी पोचले तेव्हा मी दिल्लीच्या कचेरीतून निवृत्त झालेली, कांतीलालभाऊंच्या ओळखीची, एवढंच सांगितलं. आबा उंच, वाकलेले, आवाज अगदी हळू. इंदूअक्का, त्यांच्या पत्नी, बुटक्या आणि आवाज खणखणीत. त्यांनी मला पाणी दिलं आणि माझ्या साडीचा वास घेऊन विचारलं, “मिरचीच्या गाडीत बसून आल्या का माय?”

जेवायला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्टी कुस्करून वर तूप ओतलं, आणि पुरे म्हटलं की थांबायचं असतं ही पद्धत अक्कांना मान्य नव्हती. सांगायचं ते जेवल्यावर सांगू, असं मी ठरवलं. जेवल्यावर आबा म्हणाले, चला, आज शनिवार, सभा हाये. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

मारुतीला तेल वाहून झालं की दुपारी देवळासमोरच्या कडुलिंबाखाली केळीवाले जमतात. बाया, माणसं मिळून पंचवीस-तीस. कोणाची केळी कधी कापायची, कोणती गाडी आधी भरायची याची पाळी इथे ठरते. ठरल्याप्रमाणे करून घेतो तो मुकादम. सध्याचे मुकादम सुपडूभाऊ, पन्नाशीचे, मिशाळ, आणि चेहऱ्यावर बारावीच्या तोंडी परीक्षेला आलेल्या मुलाची कळा. कारण सगळे बसलेले आणि ते एकटे उभे. ज्याला विचारलं त्यानं उभं राहून उत्तर द्यायचं, उत्तर पटलं की बसायचं, अशी इथली रीत.

त्या दिवशी सर्वांत जास्त विचारलं ते इंदूअक्कांनी. ट्रॉलीत खाली पानांचा थर न घालता घड भरले, हे खरं का? सुपडूभाऊ म्हणाले, बघतो. अक्का म्हणाल्या, “मागच्या शनिवारीबी बघतोच म्हनला होता. काय बघितलं ते सांग.” सुपडूभाऊ कुणावर तरी ढकलू पाहत होते, ते चाललं नाही. शेवटी म्हणाले, येत्या आठवड्यात प्रत्येक ट्रॉली मी स्वतः उभा राहून भरून घेतो. आबांनी मांडीवरच्या वहीत ते वाक्य लिहिलं, पुढे मुदत लिहिली, आणि सुपडूभाऊ खाली बसले.

मी बघतच राहिले. हेच मी तीस वर्षं केलं होतं, फक्त वातानुकूलित इमारतीत.

सभा उठल्यावर मी आबांना विचारलं, मुकादम तुमच्यातलाच का? बाहेरचा जाणता माणूस पगारावर ठेवता येईल की. आबा म्हणाले, “बाहेरचा आनला तं त्याले इचारनार कोन? तो पगार घेईन अन जाईन. आपल्यातला हाये म्हनून शनिवारी लिंबाखाली येनंच पडते.” मंत्र्यानं सभागृहाचं सभासद असलंच पाहिजे, हे शिकवताना पाठ्यपुस्तकाला चार परिच्छेद लागतात.

ही रीत एकदम जमली नव्हती. एका वर्षी त्यांनी मुकादमाच्या हाती सगळं सोपवलं. त्यानं मेव्हण्यांची केळी आधी कापली आणि बाकीच्यांची झाडावर पिकली. संतापून पुढच्या वर्षी मुकादमच काढून टाकला. प्रत्येक गोष्ट सभेत ठरवायची. मग व्यापाऱ्याची गाडी गावात उभी, आणि आधी कोणाचं शेत यावर लिंबाखाली मतं चाललेली. गाडी रिकामी परत गेली. त्या वर्षी गावातल्या गायीम्हशींनी इतकी केळी खाल्ली की पुढे त्या केळीकडे तोंड वळवीनात. तेव्हापासून ठरलं की करायचं मुकादमानं आणि विचारायचं सभेनं. मधेच कुणी त्याच्या हातातला कोयता घ्यायचा नाही, आणि त्यानं कुणाचा प्रश्न टाळायचा नाही.

“आणि वही?” मी विचारलं. “वहीची कल्पना कुणाची?”

“ती दिल्लीची,” आबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. बोगद्याच्या उत्तरानंतर आबांनी लोकसभेच्या अध्यक्षांना मराठीत पत्र लिहिलं होतं: मंत्रीसाहेबांनी विचार करू म्हटलं आहे, तर आता आम्ही काय करायचं? त्याला छापील पोच आली, आणि पोचेला टाचलेला हा हातानं लिहिलेला कागद. सभागृहात दिलेला शब्द लिहून ठेवतात. त्याला मुदत असते. मुदत संपली की समिती पुन्हा विचारते. मंत्र्याला कामात मोकळीक असते, पण उत्तरातून सुटका नसते. खाली सही नव्हती.

अक्षर माझं होतं. शाखेत मराठी येणारी मी एकटी; पत्र माझ्याकडे आलं असणार आणि पोच कोरडी वाटली म्हणून मी चार ओळी खरडल्या असणार. मला काहीही आठवत नव्हतं. आबा सांगत होते की पेढे वाटून झाल्यावर हे पत्र आलं आणि त्यांना कळलं, बोगदा मिळालेला नाही, नुसता लिहून ठेवलाय. मग त्यांनी वही आणली. पहिल्या पानावर मंत्र्यांचं वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या पानापासून मुकादमाची.

म्हणजे इतकी वर्षं ते भाबडेपणानं बसलेले नव्हते. दर दिवाळीचा फोन ही त्यांची समिती होती. ते पुन्हा विचारत होते.

माझे डोळे भरून आले आणि जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं पळाली. मी म्हटलं, “आबा, हे मी लिहिलंय. आणि ते आश्वासन पुढे वगळलं, त्याचं टिपणही मीच लिहिलंय. बोगदा आता कुठेच नोंदलेला नाही. तुम्हाला कुणी कळवलं नाही. मी सांगायला आलेय.”

आबांनी कागद पुन्हा ट्रंकेत ठेवला. अक्का हातातला लोटा खाली ठेवून भिंतीला टेकून बसल्या. बाहेर वळसा घालून आलेला ट्रॅक्टर गेला, त्याची ट्रॉली खडखडत राहिली. मला वाटलं, आता हे म्हणतील, बरं, या आता.

आबांनी वही उघडली. पहिलं पान माझ्यापुढे केलं. मंत्र्यांचं वाक्य, तारीख, आणि खाली दर दिवाळीची एकेक नोंद: विचारलं, चालू आहे म्हणाले. विचारलं, चालू आहे म्हणाले.

“कोनी खोडलं?” त्यांनी विचारलं.

“समितीनं.”

“इचारनाऱ्याले इचारलं व्हतं?”

मी नाही म्हटलं. तशी पद्धत नाही, मंत्रालय आणि समिती यांच्यातच ते होतं.

“आमच्यात इचारनाऱ्यानं सोडल्याबिगर खोडता येत नाही,” आबा म्हणाले. “हे पत्रात नव्हतं, हे आमी लावलं. सुपडूनं किती येळा म्हटलं, हे राहू द्या, खोडा. अक्का खोडू देत नाही. तुमच्या दिल्लीत खोडलं असन तं असन. आठी, या वहीत, नाही खोडलं.”

मग अक्का बोलल्या. बोलल्या म्हणण्यापेक्षा त्यांनी विचारलं. वगळलेलं पुन्हा विचारता येतं का? मी म्हटलं, येतं, नव्यानं प्रश्न टाकावा लागेल, आताच्या खासदारांमार्फत. नियमात बसेल असा लिहिता कोणाला येतो? मी म्हटलं, मला येतो. या खेपेला शेतकऱ्यांची बाजू किती ओळींत लिहिणार? मी म्हटलं, बसतील तितक्या सगळ्या. आणि शेजारच्या गावाच्या बोगद्यात पावसाळ्यात म्हशी पोहतात, तेव्हा पाणी निघायची सोयही त्यात लिहाल का? लिहीन, मी म्हटलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आबा लिहीत होते. माझं नाव, पुणे, प्रश्न लिहून देणे आणि तड लागेपर्यंत सोबत राहणे. मुदत तीन महिने. आणि हेही लक्षात आलं की अक्कांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हाच मी उठून उभी राहिले होते.

“बसा आता,” अक्का म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी केळीची एक फणी आणि वाळवलेल्या पातोड्यांचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, डबा दिला. कांतीलालभाऊंचं काय करायचं, मी विचारलं. आबा म्हणाले, त्यांनाही दिवाळीला फोन करणारच, त्यांचंही नाव वहीत आहे.

पुण्याला येऊन आता दोन महिने झाले. प्रश्नाचा मसुदा चार वेळा लिहिला, खासदारांच्या कार्यालयात पोचला, तिथून परत आला, पुन्हा गेला. बोगदा होईल की नाही, मला सांगता येणार नाही. ते करणं सरकारचं काम आहे. पण दर शनिवारी, मारुतीला तेल वाहून झालं की दुपारी माझा फोन वाजतो. अक्कांचा आवाज येतो, मागे लिंबाखालची कुजबुज ऐकू येते, आणि त्या विचारतात, मागच्या शनिवारी बघते म्हटलं होतं, काय बघितलं? घरात मी एकटी असते, मला कुणी पाहत नाही. तरी उत्तर मी उभी राहूनच देते.